मगदूम सरांचा ठसका

मगदूम सरांनी माझ्यासमोर पहिल्यांदा ज्याच्या मुस्काटात मारली, तो माणूस आमच्याच ऑफिसात आमचाच चहा पीत होता. मी तिथे नवीन लागले होते आणि कोण कुठे बसतं हेसुद्धा मला अजून नीट ठाऊक नव्हतं. शहराच्या कडेला जमिनी घेऊन बसलेल्या कुणा बड्या असामीचा तो माणूस. कपबशी हातात घेऊन तो उठला, सरांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या नकाशावर बोट टेकवून लाडात म्हणाला, "सर, ह्यो ठिपका तेवढा जरा हिकडं सरकवा की. तुमच्या हातातलंच काम हाय."

सर उठले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग असा आवाज झाला की मला वाटलं पंखाच खाली आला. कप भिंतीवर गेला आणि पावणा कपाटावर.

"ठिपका म्हणालास व्हय रं? त्या ठिपक्यात चुली पेटत्यात. बायका पाणी भरत्यात. सरकवायचं असंल तर तुझ्या मालकाचा बंगला सरकव जा तिकडं!"

पावणा गाल धरून जिना उतरला. थोड्या वेळानं भिंतीवरून ओघळलेल्या गोड चहाला मुंग्या लागल्या. मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले तर सर माझ्याच अंगावर धावून आले. "ओ नेसरीकर! जीव न्हाईत व्हय ते?" मला बाजूला सारून ते गुडघ्यांवर बसले आणि कागदाच्या कोपऱ्यानं एकेक मुंगी अलगद उचलून खिडकीतल्या कुंडीत सोडत राहिले. त्यांचा उजवा तळवा अजून लाल होता.

मी गडहिंग्लजकडच्या नेसरीची, म्हणून 'नेसरीकर'. माझं नाव त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

नेमगोंडा मगदूम. गाव मुरुमवाडी, हातकणंगल्याच्या पलीकडे. घर जैन शेतकऱ्याचं. आमच्याकडे येण्याआधी ते कॉलेजात भूगोल शिकवायचे. तिथून ते का सुटले याची गोष्ट कोल्हापुरात जो तो वेगळी सांगतो. त्यांनी भर मीटिंगमध्ये प्राचार्यांच्या दिशेनं पृथ्वीचा गोल फेकला, इथपर्यंत सगळ्यांचं जुळतं. तो प्राचार्यांना लागला की नाही यावर वाद आहेत. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "पृथ्वी उगंच फुटली."

ऑफिसच्या नळाला त्यांनी पांढरं स्वच्छ फडकं बांधलं होतं. गाळल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. सूर्य मावळायच्या आत जेवायचे. मावळला की तोंडाला कुलूप. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. माझ्या डब्यात रताळं दिसलं की नाक मुरडून लांब बसायचे. एवढं सगळं पाळणारा हा माणूस रोज कुणाच्या ना कुणाच्या अंगावर जायचा. जीप चालवायचे तेही भांडत, खिडकीतून मुंडकं बाहेर काढून. रंकाळ्याकडून ऑफिसला येईपर्यंत निम्म्या शहराचा उद्धार झालेला असायचा.

न राहवून मी एकदा म्हटलं, "सर, ही मारामारी तुमच्या अहिंसेत बसती का?"

ते गंभीर झाले. म्हणाले, "मुंगीला सांगून कळत न्हाय, म्हणून उचलून ठेवायचं. माणसाला कळतंय की! कळून करत न्हाय, तेला किती येळा उचलून ठेवू?"

मग उजव्या हाताची मूठ उघडझाक करत स्वतःशीच हसले. "आणि ह्यो हात माझा कुठला? अण्णाचा हाय. तेनंच शिकवला."

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ आदगोंडा. वडील लवकर गेले, तेव्हा अण्णांनी स्वतःची शाळा सोडून औत धरलं आणि धाकट्याला शिकवलं. शिकवलं म्हणजे बडवून काढलं. परीक्षेत एकदा नापास झाले तेव्हा अण्णांनी त्यांना विहिरीत उलटं धरलं होतं. हे सर इतक्या कौतुकानं सांगायचे की ऐकणाऱ्यालाच घाम फुटावा.

आमचं काम होतं शहराच्या कचऱ्याला नवी जागा शोधून देण्याचं. शहर फुगत चाललं होतं आणि जुना डेपो गळ्यापर्यंत आला होता. सर ह्या कामाला 'चाळणं' म्हणायचे. कॉम्प्युटरवर एकावर एक नकाशे ठेवायचे: नदी, ओढे, विहिरी, वस्त्या, रस्ते, जमिनीचा उतार, खाली मुरूम आहे की कातळ, पाणी मुरतं की वाहतं. विहिरीजवळचं गाळून टाकायचं, वस्तीजवळचं गाळून टाकायचं. उरलेल्या जमिनीला कॉम्प्युटर गुण देतो आणि रंग भरतो. लाल म्हणजे अजिबात नको, पिवळं म्हणजे बघू, हिरवं म्हणजे चालेल. पहिला हिरवा तुकडा उमटला तेव्हा मी टाळी वाजवली. सरांनी माझ्या टेबलावर अशी मूठ आपटली की माझा डबा उडाला.

"नाचू नगासा. हिरवा म्हंजे चांगला न्हवं. हिरवा म्हंजे त्यातल्या त्यात कमी वाईट. शेवटी चाळणीत जे गाव उरंल ते आपल्याला जन्मभर शिव्या देणार हाय, आणि तेचं बरोबर असणार हाय."

ते असं का बोलतात हे मला जुन्या डेपोवर कळलं.

पाऊस कित्येक दिवस लागून राहिला होता. ढिगाची उंची मोजायची म्हणून आम्ही गेलो होतो. वर धूर, खाली काळं पाणी, मध्ये कुत्री एकमेकांचे लचके तोडत होती. ढिगाच्या पायथ्याला काही बाया पोती घेऊन प्लॅस्टिक वेचत होत्या. मी नाकाला ओढणी लावून उपकरण रोवत होते, तेवढ्यात ओलं कापड टरकावं तसा आवाज झाला. मी वर बघितलं तर ढिगाचं एक अख्खं अंग निखळून खाली येत होतं.

बाया किंचाळत पांगल्या. एक नाही पांगली.

सर चप्पल टाकून धावले. हातांनीच उकरायला लागले. काचा, तारा, सुया, मेलेली जनावरं, सगळं ते हातांनी मागे फेकत होते. मी ओरडत होते, "सर, वरनं आणि येतंय!" त्यांना ऐकू येत नव्हतं. आधी बांगड्या दिसल्या, मग मनगट. ओढून काढली तेव्हा तिचं तोंड काळ्या चिखलानं गच्च भरलेलं होतं. सरांनी बोटं घालून तो काढला, छातीवर दाबून बघितलं, पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. पोत्याचं तोंड तिनं मुठीत तसंच आवळून धरलं होतं.

मागे बुलडोझरवर बसलेला ड्रायव्हर खाली न उतरताच म्हणाला, "सोडा की सर. कचऱ्यातलीच हाय ती. कोण इचारतंय?"

तोवर मी सरांचे हात चालताना बघितले होते, पण मारणं म्हणजे काय ते त्या दिवशी बघितलं. त्यांनी त्याला पायाला धरून खाली खेचला, चिखलात पाडला आणि छातीवर गुडघा रोवला. ते मारत होते आणि ओरडत नव्हते, ह्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांचे तळवे काचांनी फाटलेले, त्यामुळे ड्रायव्हरच्या तोंडावरचं रक्त कुणाचं ते समजेना. चौघांनी ओढलं तेव्हा कुठे सुटला तो. मला त्या ड्रायव्हरची दया आली नाही. आजही येत नाही.

परतताना जीप मी चालवली. त्यांच्या हातांना माझी ओढणी गुंडाळली होती. ते म्हणाले, "कचरा मारतोयच, नेसरीकर. हिथं न्हाय तर तिथं. तेला मारायला कमीत कमी माणसं गावावीत, एवढंच आपल्या हातात हाय. तेवढं तरी झ्याक करायचं." घरी पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता, म्हणून ते तसेच उपाशी झोपले.

त्यानंतर त्यांनी वाऱ्याचा ध्यास घेतला. आमच्या नकाशात वारा होता, पण तो विमानतळावर मोजलेला. सर त्याला 'इमानाचा वारा' म्हणायचे. माळावरचा वारा वेगळा. टेकाडाला अडतो, घळीत शिरतो, सांजेला खाली बसतो. कचऱ्याचा वास कुणाच्या दारात जाणार हे त्या वाऱ्यावर ठरतं. मग त्यांनी स्वतःची एक परीक्षा काढली. बाजारात टाकून दिलेली, पांढरी पडलेली संकेश्वरी मिरची मी गावाकडून पोत्यानं आणायची. हिरवा तुकडा जिथे असेल तिथे माळावर ती जाळायची. सरांनी सगळ्यांत जवळच्या गावाच्या पहिल्या घरासमोर जाऊन उभं राहायचं. तिथे कुणालाही ठसका लागला की जागा बाद. लागला नाही तर जागा पास. आग लावायच्या आधी मऊ केरसुणीनं जमीन झाडून किडे-मुंग्या बाजूला करायच्या, हा माझ्यासाठी कडक हुकूम होता.

परीक्षा नामी होती. तिच्यात एकच घोळ होता आणि तो आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं. कारण मी मिरचीच्या मुलखातली. लेकराची दृष्ट काढताना मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात हे मी जन्मापासून बघितलेलं. ठसका लागला तर दृष्ट-बिष्ट काही नाही. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर मात्र जबर लागलेली. म्हणजे सरांच्या हिशेबात जी जागा पास, ती लोकांच्या हिशेबात नजर लागलेली. आणि कुणी परका माणूस माळावर पोतंभर मिरच्या जाळतोय आणि दुसरा आपल्या दारात टक लावून उभा आहे, ह्याचा अर्थ गाव एकच लावणार.

पन्हाळ्याकडच्या एका गावानं तो लावला. त्यातून त्या दिवशी अमावस्या. पंचांग दोघांपैकी कुणीच बघितलं नव्हतं. धूर गावात शिरला, लोक खोकत बाहेर आले आणि दारात उभ्या असलेल्या सरांना त्यांनी धरलं.

"करणी कराय आलाय! तोडा ह्येला!"

मी जीप घेऊन पोचले तेव्हा सर जमिनीवर होते आणि वरून काठ्या, लाथा, चपला पडत होत्या. मारणारे खोकत होते, मार खाणारा खोकत होता. आणि सर त्यातून आनंदानं ओरडत होते, "लागला! ठसका लागला! जागा बाद!" हे ऐकून लोकांची खात्रीच पटली की ह्याच्या अंगात काहीतरी आलंय. त्यांनी आणखी बडवला. जीपची काच दगडानं फुटली, माझ्या कपाळाला खोक पडली. मी त्यांना कसंबसं आत कोंबलं. दात रक्तानं भरलेले, एक डोळा बंद, आणि हा माणूस मला म्हणतो, "बघितलासा न्हवं? कसला लागला! मशीनला कळलं असतं व्हय हे?"

मला त्या क्षणी त्यांना मीच चार ठेवून द्याव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी ते सुजल्या तोंडानं त्याच गावात गेले. चावडीसमोर उभं राहून सांगितलं, कचरा तुमच्या माळावर येणार होता, आता येत नाही, तुमच्या खोकल्यानं तुम्हाला वाचवलं. मग ज्यानं पहिली काठी घातली होती त्याच्याच घरी त्यांना हळद घालून दूध मिळालं. निघताना एका म्हातारीनं विचारलं, "मग आता कुणाचा माळ धरलासा, बाबा?"

"बघू," सर म्हणाले.

जागा एकामागून एक बाद होत गेल्या. कुठे ठसका, कुठे विहीर, कुठे ओढा. शेवटी चाळणीत एक तुकडा उरला. मी नकाशा मोठा केला आणि गावाचं नाव वाचून माझं बोट माऊसवरच थिजलं. सर मागेच उभे होते. मुरुमवाडीचा माळ.

त्यांनी पडद्यावर बुक्की घातली. काच तडकली, पण तिच्यामागे हिरवं होतं तसंच राहिलं.

त्यानंतर ते इरेला पेटले. सगळे नकाशे नव्यानं चढवले. मुरुमवाडीच्या माळात एखादी जुनी विहीर, एखादा झरा, खडकात एखादी भेग सापडते का म्हणून वेड्यासारखे हिंडले. मला ते स्पष्ट दिसत होतं: हा माणूस पहिल्यांदाच एखादी जागा नापास व्हावी म्हणून धडपडत होता. पण खाली सलग कातळ, जवळ पाणी नाही, वस्ती एकाच बाजूला. त्या बाजूचं पहिलं घर अण्णांचं. मध्ये एक टेकाड.

राहता राहिली मिरची. पूर्वेचा वारा हिवाळ्यात वाहतो, तो माळावरून थेट गावाकडे जाणारा. मी माळावर आणि सर अण्णांच्या दारात, दोघांचे फोन चालू. मी जमीन झाडली, पोतं ओतलं, काडी लावली. धूर उठला, गावाकडे निघाला आणि टेकाडाला अडून दुसरीकडे वळला. तिकडे नुसता खडक होता.

"आलाय काय धूर?" फोनमधून सर.

"वळतोय, सर."

"आणि वता. सगळं वता!"

मी दुसरंही पोतं ओतलं. माझेच डोळे फुटायची वेळ आली. खोकून खोकून मी जमिनीवर बसले. फोन कानाला घट्ट धरून मी तिकडच्या खोकल्याची वाट बघत होते. मलासुद्धा तो हवा होता. आला तो वैनींचा, म्हणजे त्यांच्या भावजयीचा, आवाज.

"भावजी, मिरच्या जळाल्यात म्हणालासा न्हवं? मग ठसका कसा न्हाय? एवढी कुणाची दृष्ट लागली हो आपल्या घराला?"

मग सर म्हणाले, "माझीच, वैनी."

जनसुनावणी मुरुमवाडीच्या शाळेच्या पटांगणावर झाली. मंडप, खुर्च्या, माईक. बाहेर पोलिसांची गाडी. सगळं गाव लोटलं होतं आणि सगळ्यांत पुढे अण्णा बसले होते: उंच, हाडापेराचे, खांद्यावर पांढरा टॉवेल. आमचे साहेब माईकवर सांगत होते की जागा शास्त्रीय पद्धतीनं, कॉम्प्युटरनं निवडलेली आहे. बिचारे सरांना वाचवायलाच बघत होते.

सरांनी त्यांच्या हातातून माईक ओढून घेतला. "कॉम्प्युटरनं न्हाय. मी निवडली. माळ बी मीच निवडला आणि नकाशावर सही बी माझीच हाय."

मग पहिली खुर्ची उडाली. साहेब टेबलाखाली गेले. माईक पडून किंचाळायला लागला. बाया पोरं उचलून पळत होत्या, पोलीस मंडपाच्या तोंडाशीच अडकले होते. अण्णांनी मंडपाचा एक बांबू उपटला आणि ते स्टेजवर चढले.

"आईबाच्या मातीत घाण वततोस? ह्याच्यासाठी शिकवला तुला? ह्याच्यासाठी?"

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पाठीत. मी सरांच्या हाताकडे बघत होते. हा हात आता उठणार, प्राचार्य, पावणा, ड्रायव्हर कुणालाही न सोडणारा हा हात. तो उठला नाही. त्यांनी तो डोक्यावरसुद्धा घेतला नाही. तिसरा फटका उजव्या कोपरावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज त्या सगळ्या गोंधळात मला लख्ख ऐकू आला. हात भलत्याच दिशेला लोंबायला लागला. मी किंचाळले. अण्णासुद्धा थबकले.

सर गुडघ्यांवर बसले होते. चेहरा पांढराफटक, पण आवाज तसाच चढा. "मार, अण्णा. अजून मार. पर जागा हीच हाय. दुसरीकडं टाकला तर माणसं मरत्यात. मी बघितलंय." मग डावा हात त्यांनी स्टेजच्या फळीवर आडवा ठेवला. "तुझ्या दाराला तरास व्हणार न्हाय. ज्या दिवशी तुझ्या दारात मिरचीचा ठसका लागंल, त्या दिवशी ह्यो बी तोड. मी असाच खाली घालून देतो."

"तोडीन!" अण्णा गरजले. "भगवंताची आण, सगळ्या गावासमोर तोडीन! आणि आजपास्नं तू माझा कोण न्हवंस. माझ्या उंबऱ्यात पाय टाकलास तर ह्यो बांबू डोक्यात घालीन."

गावानं ते ऐकलं आणि ध्यानात ठेवलं.

डेपो झाला. तळाशी जाड थर अंथरून, रोज मातीनं झाकून, जसा व्हायला हवा तसा झाला. सरांनी आमचं ऑफिस सोडलं आणि माळाच्या कडेला, वाटणीत आलेल्या आपल्या तुकड्यावर एक खोली बांधून राहिले. त्यांना तिथे कुणी नेमलं नव्हतं आणि त्यांना तिथून हाकलायची कुणाची छातीही नव्हती. ओला-सुका एकत्र कोंबून आणणाऱ्या गाडीवाल्याला ते फाटकातच खाली ओढायचे. उजवा हात वाकडा सांधला होता, म्हणून आता डाव्यानं मारायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "नेसरीकर, पोतं घेऊन या. मिरची संपलीया."

वारा बदलला की ते अजूनही परीक्षा घेत होते. स्वतः माळावर आग लावायचे आणि दुर्बीण डोळ्याला लावून अण्णांचं दार बघायचे. अण्णा दारात येऊन उभे राहायचे. बोलणं बंदच होतं. धूर विझत आला आणि ठसका लागला नाही, की अण्णा खांद्यावरचा टॉवेल हवेत हलवायचे. दोघा भावांत तेवढंच काय ते बोलणं उरलं होतं.

मी पोतं उतरवलं. सर वाळले होते, दाढी पांढरी झाली होती. मला म्हणाले, "तुमी अण्णाच्या दारात जावा. म्हातारा खरं सांगालाय का लबाडी करालाय बघा जरा. मला कोण तिकडं जाऊ देत न्हाय."

मी टेकाड ओलांडून गेले तेव्हा दिवस कलला होता. येताना टेकाडाची एक बाजू मुरुमासाठी कुणीतरी पार खणून नेलेली मला दिसली. अण्णा दारात उभे होतेच. गल्लीतले बाप्ये शेजारच्या कट्ट्यांवर येऊन बसले होते. अण्णांची आण पुरी होते का बघायला ते दर वेळी येतात, वैनींनी सांगितलं. मी अण्णांच्या मागे, उंबऱ्याच्या आत उभी राहिले. समोर माळावर धूर उठला. टेकाडापर्यंत आला. तिथे वळायच्या ऐवजी तो खणलेल्या घळीत शिरला आणि अरुंद झोतात, कट्टे बाजूला ठेवून, थेट आमच्या दारावर आला.

माझ्या घशात एकदम आग पेटली. मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी अण्णांनी मागे न बघता कोपर मारलं. मी दारावर आपटले. वैनींनी मला दंडाला धरून आत खेचलं, माझ्या तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि स्वतःच्या तोंडात दुसरं टोक. मी गुदमरत होते. डोळ्यांतलं पाणी पुसून मी बाहेर बघितलं.

अण्णा हलले नव्हते. चौकटीला धरलेली बोटं पांढरी पडली होती. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या फुगल्या होत्या, अंग आतून गदागदा हलत होतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंड मिटलेलं होतं. कट्ट्यावरून कुणीतरी विचारलं, "काय आदाण्णा, आला काय हो वास?" अण्णांनी मान हलवून नाही म्हटलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि उंच धरून हलवला. बराच वेळ हलवला.

आत येऊन त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि जमिनीवर कोसळले. टॉवेल तोंडात धरून ते असे खोकले की मला वाटलं आता रक्तच येणार. मूठ जमिनीवर आपटत होते. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. जरा दम आल्यावर त्यांनी लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई, त्येला बोललासा तर बघा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "उद्या गाडी लावून टेकाडाला माती घालतो मी. एकच हात ऱ्हायलाय त्येचा."

खिडकीच्या फटीतून मला माळ दिसत होता. सरांनी दुर्बीण खाली ठेवली, डावा हात उंच करून आमच्याकडे हलवला आणि आगीपाशी खाली वाकले. मुंग्या बघत असणार.